वरून गार

रुसिनेने घरामागचं कसाव्याचं झाड बुंध्याशी धरून ओढलं, तर ते अलगद हातात आलं. कंदांना बोट लावलं आणि चटका बसला. साल आपोआप सुटली. आत पिठूळ, भाजलेला गर. तिला आधी हसूच आलं, आज चूल न पेटवता स्वयंपाक झाला म्हणून. मग ही आच कुठून आली ते लक्षात आलं आणि तिने कंद टाकून दिला.

शेत जाळलं होतं ते रबराच्या बागेपलीकडे, पाच दिवसांपूर्वी. तिच्या नवऱ्याने, देहेनने, सगळं बापाच्या पद्धतीने केलं होतं. शीळ घालून वारा बोलावला, कडेने पट्टा साफ ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळी राखेतून अनवाणी फिरून पाहिलं. तळव्याला गार लागलं की आग मेली, हा वाडवडिलांचा नियम. पण वाडवडिलांच्या वेळी इथे दलदल होती. कुजलेल्या पानालाकडांचा दोन पुरुष खोल थर, बारा महिने पाण्यात भिजलेला. आग खाली जाऊन जाणार कुठे? चार वर्षांपूर्वी पामतेलाच्या कंपनीने कालवा खणला, सगळं पाणी नदीला गेलं आणि तो थर सरपणासारखा वाळला. पाणी गेलेलं गावात सगळ्यांनी पाहिलं. नियम मात्र कुणी बदलला नाही.

आणि देहेन आत्ता त्या मधल्या बागेतच चीक काढायला गेला होता.

होडी ढकलायचा बांबू उचलून ती धावली. बागेच्या कडेशी पोचते तोच समोरचं एक झाड, वारा नसताना, हिरव्या पानांसकट आडवं झालं. त्याच्या मुळांचा कोळसा झाला होता.

“लामियांगचे बाबा, आहात तिथंच थांबा,” तिने देहेनला हाक दिली.

पन्नासेक पावलांवरून, बुंध्याआडून त्याने डोकं काढलं. “का गं, जेवण करपलं वाटतं?”

“खाली जळतंय.”

“उगाच काहीतरी. मी स्वतः फिरलोय, गार होतं.”

असं म्हणत त्याने एक पाऊल टाकलं आणि तो गुडघ्यापर्यंत आत गेला. बुंध्याला मिठी मारून त्याने कसाबसा पाय वर ओढला. बुटाचं रबर वितळून लोंबत होतं. थट्टा तिथेच संपली.

रुसिनेने पुढे बांबू टोचला. हातभर घट्ट लागलं, मग एकदम पोकळ. भोकातून धूर निघाला. डावीकडे टोचला, तिथे टणक होतं. त्यापुढे पुन्हा पोकळ. आलात त्याच वाटेने परत या, असं तिने ओरडून सांगितलं. देहेनने मागे पाहिलं. सगळीकडे सारखाच वाळका पाला, पावलाची खूण कुठेच नव्हती. तो धरून उभा होता ते झाड किंचित कललं.

“तूच सांग,” तो हळू आवाजात म्हणाला. “कुठं पाय ठेवू?”

तीस वर्षं ती या बागेत डोळे मिटून वावरली होती. आता पुढच्या एका पावलासाठीही तिला बांबू टोचून पाहावा लागत होता.