कुठला नारिंगी

डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या डाव्या कडेचा मॉनिटर रंगारी आणि त्याच्या बायकोकडे वळवला. "हा तुमच्या उजव्या डोळ्याच्या आतला फोटो. डोळ्याच्या मागचा पडदा म्हणतात तो हा. आपलं सगळं बघणं याच्यावर चालतं."

रंगारी खुर्चीत पुढे सरकला. निम्म्या गावाच्या भिंती त्याच्या हातच्या होत्या. जुन्या रंगाचा टवका नुसता बघून तो डब्यात तसाच्या तसा रंग कालवून द्यायचा. परवापासून मात्र त्याला समोरच्याचं तोंडही धड दिसत नव्हतं.

"रंग कसा आहे गं?" त्याने बायकोला विचारलं.

"नारिंगी."

"नुसता नारिंगी असा रंग नसतो. कुठला नारिंगी?"

एरवी ती म्हणाली असती, पुरे तुमची शाळा. आज तिने निरखून पाहिलं. "भाजलेल्या विटेसारखा. वर लाल फराटे आहेत. ब्रश झटकल्यावर उडतात तसे."

"ते रक्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ब्लडप्रेशर इतकं वाढलं की या बारीक नसांना सोसत नाही. त्या पाझरायला लागतात. गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

बायकोच म्हणाली, "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग कशाला खायच्या म्हणायचे. बोलून बोलून माझं तोंड दुखलं."

"दुखत नाही, तिथेच माणूस फसतो. डाव्या डोळ्याचंही हेच झालंय. आजच दाखल व्हा. प्रेशर हळूहळू खाली आणू. रक्त जिरेल. नजर किती परत येईल, ते मात्र आज सांगता येत नाही."

"चष्म्याने नाही का भागणार?"

"नाही."

मग रंगाऱ्याने बायकोच्या बाजूला मान कलती केली. "अजून काय काय आहे त्यात?"

"पांढरे डाग आहेत. कापसाचे बोळे चिकटवल्यासारखे."

"थांब, थांब. तेवढं दिसतंय मला." त्याने हात लांब करून बोट दाखवलं. "तो मोठा पांढरा. तोच ना?"

बोट समोरच्या खिडकीकडे होतं.

डॉक्टरीणबाई काही बोलणार, तेवढ्यात बायकोने नुसती मान हलवून त्यांना थांबवलं.

"हो," ती म्हणाली. "तोच."

"मग सगळंच काही गेलेलं नाही," रंगारी म्हणाला, आणि बराच वेळ तिकडेच बघत बसला.