जुळ्यातलं दुसरं कोकरू

जुळी होण्याचं जनुक असलेला मेंढा स्वप्नालीच्याच हट्टापायी सिल्लोडजवळच्या मळ्यात आला होता. आज त्याची लेक व्याली आणि खरंच दोन कोकरं झाली! पण मेंढीला दूध एकापुरतंच. दुसरं भुकेनं मान टाकायला लागलं. स्वप्नाली कासावीस झाली. घरात बाळाची दुधाची बाटली होती, पण सासूपासून लपवलेली. ‘वरचं दूध अंगी लागत नाय,’ म्हणणाऱ्या कौसाबाईंसमोर ती काढायची कशी? अखेर मनाचा हिय्या करून ती बाटली घेऊन गोठ्यात धावली.

कौसाबाईंच्या मांडीवरचं कोकरू नव्याकोऱ्या बाटलीतून चुटूचुटू पीत होतं.

“तुझी बाळाला राहू दे गं,” त्या हसल्या. “मेडिकलवाल्याला म्हणलं, आमची सून नेती तसलीच दे!”