चौथ्या वळणावरचा झेंडा

“सुकन्या, बोल की बाई. चूक कुनाची?” शर्यतीचे पंच गुरुलिंगअप्पांनी पुन्हा विचारलं, आणि मंडपातली कुजबुज थांबली.

चौथ्या वळणावर उभी होती ती एकटी सुकन्याच. हातात पिवळा झेंडा, नाकातोंडात माती. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, गाडी हळू घ्या, एवढंच तिचं काम. लातूरबाहेरच्या त्या माळावर गाड्यांनी एवढा धुरळा उडवला होता, की लोकांच्या मोबाइलमध्ये धुरळ्याशिवाय काहीच आलं नव्हतं. शेवटच्या फेरीत पुढे होता भागवत, तिचा नवरा. त्याच्या मागे वैजनाथ, तिचा धाकटा भाऊ. चौथ्या वळणावर वैजनाथने भागवतला मागून ठोकलं. भागवतची गाडी गरकन फिरली आणि वैजनाथ पुढे निघून पहिला आला. भागवत सावरून दुसरा, उदगीरचा नरसिंग तिसरा. आता निकाल अडला होता. जिंकेल तो कोइमतूरच्या मोठ्या शर्यतीला जाणार होता, आणि दोघांनीही वर्षभर घरात दुसरा विषय काढला नव्हता.

तिला त्या वळणावर उभं करण्याची अक्कल अप्पांचीच. “दोन्हीकडची हाय, म्हंजे कुनाकडचीच न्हाई,” असं ते सकाळी हसत म्हणाले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तिला कुणी विचारलं नव्हतं.

वैजनाथ पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने जवळ आला.

“अक्का, दाजींनी मधीच ब्रेक मारला. तू बगितलीस. खरं तेवढं सांग.”

“आनि तू काय केलास?”

“म्या काय करनार? मला जागाच न्हवती.” मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “दिवाळीला घरला यायचंय का न्हाई तुला?”

भागवत जागचा हलला नाही. हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीत बसला होता, एक पाय सारखा हलत होता. त्याने एवढंच विचारलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“संध्याकाळी कुनाच्या गाडीत येनार हाईस?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. सकाळी सुकन्या भागवतच्याच शेजारी बसून आली होती. पिशवीत दशम्यांचा डबा होता, दोघांसाठी बांधलेला, अजून तसाच. आज एक घर तुटणार, हे सगळ्या मंडपाला कळत होतं. कुठलं, एवढंच तिच्या तोंडून ऐकायला लोक ताटकळले होते.

ती झेंड्याची काठी हातात फिरवत राहिली. मग बोलली ती अप्पांकडे बघून.

“वैजूला डाव्या अंगाला जागा होती. त्यानं रेस कमी केली न्हाई, वाढवली. आवाज आला मला. ठोकायचंच म्हनून आला त्यो.”

भागवत खुर्चीत मागे टेकला. त्याचा पाय थांबला.

“आनि ह्यांनी वळन संपल्यावर ब्रेक मारला. पुढं समदं मोकळं होतं, तितं कुनी ब्रेक मारतंय का? मागचे लाल दिवे बगितले म्या. निस्तं भेव घालाया मारला.” तिने झेंड्याची काठी जमिनीवर टेकवली. “दोघांलाबी दंड लावा, अप्पा. सारखा.”

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. असलं उत्तर त्यांना नकोच होतं. पण तिला वळणावर उभं त्यांनीच केलं होतं. दोघांना वीस-वीस सेकंदांचा दंड जाहीर झाला, दोघेही मागे पडले, आणि दिवसभर ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं तो नरसिंग गाडीची काच पुसता पुसता जिंकला. टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

सकाळपासून एकमेकांशी न बोललेले दोघे आता बोलू लागले.

“बाईमानसाला काय कळतंय ह्यातलं, दाजी.”

“आपलीच चूक. हुबीच करू द्यायची न्हवती.”

दोघांच्या गाड्या एकामागोमाग निघाल्या. वैजनाथने दाजींना आधी जाऊ दिलं, अगदी अदबीने. भागवतच्या शेजारची सीट रिकामी होती. फाट्याशी तरी थांबेल, असं सुकन्याला वाटलं. तो थांबला नाही. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

फाट्यावर किल्लारीची जीप मिळाली. झेंडा परत द्यायचा राहून गेला होता, तो तिने पायाशी धरला. औशाच्या अलीकडे बाभळींच्या आड एक वळण आहे. ते घेतलं आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, वर एक शिवी घातली. भागवतची गाडी निम्मी रस्त्यावर उभी होती. चेपलेला पत्रा घासून मागचं टायर फुटलं होतं. पुढे कडेला वैजनाथची गाडी. दोघे रस्त्याकडे पाठ करून चाक खोलत बसले होते.

“ह्येंच्या अंगावरच गेलो असतो की!” ड्रायव्हर म्हणाला. “तुमच्या वळखीचे हायत का?”

“दोघंबी माझेच हायत,” सुकन्या म्हणाली. “मला हितंच उतरवा.”

ती उतरली तसे दोघे उठले. वैजनाथने हाक मारली, “अक्का!” भागवत पाना हातात घेऊन नुसता बघत राहिला. ती त्यांच्या शेजारून सरळ मागे चालत गेली, बाभळींच्या पलीकडे, वळण सुरू होतं तिथपर्यंत.

तिथे ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि झेंडा उंच धरला. उसाने भरलेला पहिला ट्रक हॉर्न वाजवत भरधाव आला. मग हळू झाला.