खोचा रकाना

सत्तर सेकंद उरले होते आणि सिदूला अजून एक गडी बाद करायचा होता. संघालाही एकच हवा होता; तो मिळाला की फायनल. पण संघाला तो कुणाच्याही हातून चालला असता, सिदूला मात्र स्वतःच्याच हातून हवा होता. आज तीन गडी नाही टिपले, तर उद्या सामान बांधून माकणीला, बापाच्या शेरडांमागं. तसं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

ही अट उत्कर्षची. उमरग्याच्या गौरीशंकर शेठनी नळदुर्गचा हा खो-खो संघ विकत घेतला, गडी पगारावर ठेवले आणि आकडे मांडायला पुण्याहून उत्कर्षला आणलं. अमेरिकेत म्हणे बेसबॉलचे संघ आकड्यांवर चालतात. शेठ आपल्या ट्रकांचं डिझेल तसंच मोजायचे, त्यामुळं त्यांना हे लगेच पटलं. उत्कर्ष मैदानाकडं कमी आणि लॅपटॉपकडं जास्त बघायचा. त्याच्या तक्त्यात अकरा सामन्यांत सुरजचे एकतीस गडी, नंदीशचे सव्वीस. तळाला सिदू, चार.

तो तक्ता बघून बलभीम सर पेटले होते. तीस वर्षं तालुक्यातली पोरं घडवलेला हा कोच. सिदू पळणाऱ्याला कोंडतो, नेमक्या घटकेला खो देतो आणि त्याच खोवर सुरजचे निम्मे गडी पडतात, हे त्यांनी जीव तोडून सांगितलं. शेवटी लॅपटॉपवर बोट आपटलं. "ह्यात खो दिल्याचा रकाना कुठं हाय?"

"सर, खो तर सगळेच देतात," उत्कर्ष म्हणाला. "त्यात मोजायचं काय?"

त्या दिवसापासून उत्कर्षच्या पंगतीला कुणी बसेना. एकदा त्याच्या चहात कुणीतरी मीठ घातलं. त्यानं तेही कुठंतरी नोंदवलं असेल, देव जाणे.

आता सिदूच्या हातातला गडी बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडं निसटला. पळणाऱ्याला रांगेतून आरपार जायची मुभा असते, पाठलाग करणाऱ्याला नसते. त्यानं लांबचा खांब गाठून वळसा घालावा, नाहीतर पलीकडं तोंड करून बसलेल्या सोबत्याला खो द्यावा. सिदूनं सवयीनं सुरजला खो दिला आणि त्याच्या जागी बसला. बसल्यावर कळलं, आपली भाकरी आपणच दुसऱ्याच्या ताटात टाकली.

सुरजनं चार ढांगांत गडी गाठला. हात पोचत होता. त्यानं तो आखडता घेतला. शेठ खुर्चीतून उठले. गडी रांग ओलांडून गेला आणि सुरजनं नंदीशला खो दिला. नंदीशचाही हात पोचत होता, त्यानंही आखडता घेतला. मग गडी पुन्हा रांगेतून आला, तो थेट सिदूच्या तोंडासमोर, आणि मागून सिदूच्या पाठीवर नंदीशची थाप पडली. खो.

नऊ सेकंद उरले असताना सिदूनं गडी टिपला.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. हातचा सामना घालवला असता म्हणून बलभीम सरांनी सुरज आणि नंदीशला कचकचीत शिव्या दिल्या, आणि मग दोघांना पोटाशी धरलं.

उत्कर्ष तेव्हा नोंदी पुऱ्या करत होता. सिदू, तीन. सुरज, हातचा गडी हुकला. नंदीश, हातचा गडी हुकला. शेठनी वाकून ते वाचलं आणि त्याची पाठ थोपटली.

"अकरा सामन्यांत चार काढणाऱ्यानं एका दिवसात तीन काढले," शेठ म्हणाले. "अट घातली की माणूस पळतो. आता फायनलला समद्यांना हीच अट. ज्याचे तीन न्हाईत, त्यानं घर गाठायचं."

बलभीम सर म्हणाले, मैदानात पोरं नऊ, नवा तिरी सत्तावीस. एका सामन्यात पंधरा गडी पडले तरी डोक्यावरून पाणी. त्यांचं कुणी ऐकलं नाही. पोरं मात्र त्या आठवड्यात एकमेकांशी कमी बोलू लागली. जो तो मनात हिशेब करत होता, की पंधरातले तीन माझे, मग उरलेले कुणाचे.

फायनलच्या दुसऱ्याच मिनिटाला सिदूपुढचा गडी रांगेतून पलीकडं निसटला. समोर सुरजची पाठ होती. सुरजनं उठायला तळपाय रोवले, कान मागं लावले. सिदूचा हात सवयीनं त्याच्या पाठीपर्यंत गेला.

मग सिदूनं हात मागं घेतला, तोंड मिटलं आणि लांबच्या खांबाकडं पळत सुटला.