बारदान्यासकट

भैयाजींनी बॅग उचलून गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या काट्याच्या आकड्यात अडकवली, डोळे बारीक करून वजन वाचलं आणि जाहीर केलं, "वीस. बरोबर वीस."

त्यांच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईंचा, जीव भांड्यात पडला. वीस किलोच्या वर सामान चालत नाही, जास्त भरलं तर विमानतळावर सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावतात, असं त्यांच्या लेकीनं, पौर्णिमानं, शेजारच्या पुलगावहून फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. उद्या सकाळी नाचणगावच्या विहारातल्या बायांबरोबर त्या निघणार होत्या. थेट श्रीलंका! नागपूरच्या पलीकडे कधी पाऊल न टाकलेली बाई, आणि चालली समुद्रापार. परकर-पोलक्यात होत्या तेव्हा विहारात आलेल्या भंतेजींच्या तोंडून त्यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या, बुद्धगयेच्या फांदीपासून वाढलेल्या बोधिवृक्षाची गोष्ट ऐकली होती. तेव्हापासून ते झाड मनात जे ठाण मांडून बसलं ते बसलंच. तिथं दान द्यायला त्यांनी कापडाचा तागा करून घेतला होता. बाजारातला नाही हं! आपल्याच वावरातला पहिल्या वेच्याचा कापूस, वर्ध्याला हातानं कातलेला, हातमागावर विणलेला. तो पांढराशुभ्र तागा बॅगेच्या तळाशी होता.

आणि त्याच्या उरावर भैयाजींनी भरलेलं दुकान. जवसाची चटणी, लाल तिखट, लोणच्याची बरणी, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, वर ज्वारीचं पीठ! "पीठ कायले?" असं बाईंनी विचारलं, तर म्हणाले, "तिथं कोणाच्या घरी तवा तं असनच." स्वतः भैयाजी जाणार नव्हते. ढोरं कोण पाहील, हे सांगायचं कारण. विमानात बसायची भीती, हे खरं कारण, आणि ते साऱ्या गावाला ठाऊक.

बाईंचं समाधान झालं खरं, पण आपल्या डोळ्यांनी एकदा बघावं म्हणून त्या काट्याजवळ गेल्या.

"अवो, हे तं तेवीस हाये!"

"तीन किलो बारदाना कापला ना," भैयाजी सहज म्हणाले. वेचणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी बायांची कापसाची गाठोडी त्यांनी याच काट्याला लावली होती. वरच्या फडक्याचं वजन कापल्याशिवाय त्यांच्या तोंडातून आकडा बाहेर पडतच नसे.

बाईंनी कपाळावर हात मारला. "इमानवाल्याले कापूस विकून राह्यले का तुम्ही? ते बॅगेसकट मोजतेत!"

भैयाजी ओशाळले, पण गप्प बसतील तर भैयाजी कसले. त्यांनी बॅग खाली घेतली, चेन उघडली, सरळ तळाशी हात घातला आणि तागा ओढला.

"हे ठेव घरी. तीन किलो आरामात भरते. तिथं काय कापडाची कमी हाये? खायाचं मातर नाई काढाचं. परमुलखात उपाशी मरशीन."

बाईंनी ताग्याचं दुसरं टोक धरलं. आता आपण नेहमीसारखं "बरं" म्हणणार, अशी त्यांना क्षणभर धास्तीच वाटली. संसारात तो शब्द किती वेळा म्हटला, त्याला गणतीच नव्हती. पण आज तो काही तोंडातून निघेना.

"संघमित्ता कशी गेलती जी?" त्यांनी विचारलं. "अशोक राजाची लेक. नावेत बसून गेलती, एवढ्या समुद्रातून. तिच्या हातात बोधीची फांदी होती. तिखटाची बरणी नव्हती."

भैयाजींच्या हातातलं टोक सुटलं.

मग बाई बॅगेपुढं फतकल मारून बसल्या. पीठ निघालं, तिखट निघालं, लोणचं, चिवडा, शेंगदाणे, सगळं बाजेवर जमा झालं. तागा पुन्हा तळाशी गेला.

"अवं, पण खाशीन काय तू?"

"तिथले लोक खातेत ते. भात खातेत म्हणते पौर्णिमा. मले काय भात चालत नाई?" चटणीची बरणी हातात घेऊन बाई थांबल्या. नवऱ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "हे सारं तुमच्यासाठीच राह्यते घरी. भाकरी पौर्णिमा आणून देईन. खरं सांगा, मी काय खाईन याची काळजी होती, का तुम्ही काय खासान याची?"

भैयाजी बाजेवरच्या बरण्या सरळ करू लागले.

"खायाचं काई नाई वं," ते हळूच म्हणाले. "तू नसली का घर खायले उठते."

बाईंनी हातातली बरणी हळूच बाजेवर ठेवली. मग बॅगेची चेन लावलीच.

"आठ दिवसानं येतो मी. आल्यावर झाडाची गोष्ट ऐकाले कोणीतरी पायजे ना घरात."

भैयाजींनी उठून बॅग पुन्हा आकड्याला लावली. या वेळी वजन वाचायला बाई स्वतः उभ्या राहिल्या. "एकोणीस," त्या ठसक्यात म्हणाल्या. "बारदान्यासकट."

"मंग एका किलोची जागा हाये."

बाईंनी डोळे वटारले. पण भैयाजींचा हात बाजेवरच्या चटणीकडे गेला नाही. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. उन्हानं विटलेला, रोजचाच. तो झटकला, घडी केली आणि बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सारला.

"झाडाखाली बसशीन तं अंथरून घेजो."

काटा जरासा हलला. बाई वाकून पुन्हा वजन वाचायला लागल्या, तसे भैयाजी म्हणाले, "तो नको मोजू. तो बारदान्यात कापून टाक."