वरचा सा

"साधाच माईक लाव रे," केतकी कुजबुजली. "तुझ्या त्या भारीतल्या माईकमध्ये आईची धाप ऐकू येईल."

घशाच्या ऑपरेशननंतर तिची आई, म्हणजे सगळ्यांच्या बाई, आज पहिल्यांदाच गाणार होत्या. रेकॉर्डिंग करणाऱ्या मयुरेशने गुपचूप साधा माईक उचलला. तेवढ्यात तानपुरा जुळवता जुळवता बाईंनी मान वर केली.

"तो नको, चांगला लाव. धाप येऊ दे की रेकॉर्डिंगमध्ये! जिवंत बाई गातेय म्हटल्यावर धाप लागणारच."

त्याने माईक बदलला. पण आवाज तपासताना बाईंचा सा फारच क्षीण लागला. त्याने माईकचा आवाज वाढवणाऱ्या प्रीअँपचं बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. आपल्याकडून तरी आवाज कमी पडायला नको.

मैफल सुरू झाली. बाई खालच्या सुरांत रेंगाळल्या, मध्येच थांबल्या, धापल्या. मयुरेशशेजारी बसलेल्या केतकीने डोळे गच्च मिटून घेतले. आणि बाईंनी वरचा सा लावला.

आवाज मावेनासा झाला की लागणारा लाल दिवा भक्कन पेटला.

"अरे फाटतोय आवाज, कमी कर!" केतकी रडता रडता हसत होती.

मयुरेशने बटण मागे घेतलं. दिवा लागलेलाच. त्याने आणखी मागे घेतलं.