लिटरभराचं माप

तुळशीदासकाकांच्या बायपासनंतर किडनी रुसली. डॉक्टरांनी बजावलं, पाणी-चहा धरून दिवसाला एकच लिटर द्यायचं, आणि लघवी मापून वहीत लिहायची. मुलुंडच्या बाजारात मासे विकणाऱ्या पार्वतीकाकूंनी दोन्ही मापं स्वतःकडे ठेवली. दुपारी बाजाराला जाताना त्या उरलेलं पाणी बाटलीत भरून, खूण करून जायच्या.

पंधरा दिवसांनी वही बघून डॉक्टर खूश झाले.

"काका, झकास! काल दीड लिटर! किडनी परत कामाला लागली."

काका लाजून हसले. काकू मात्र वहीकडेच बघत होत्या.

"आत मी एकच लिटर दिलं. वरच्या अर्ध्या लिटरच्या पाच कटिंग होतात. बोला, कुठली टपरी?"